शॉर्टवेव्ह

इंदोऱ्याच्या नाक्यावर माझं दुकान होतं,
चार फूट बाय सहा, त्यात तेरा रेडिओ
आणि मी.
दुरुस्त झालेला रेडिओ तपासायचा तर रात्रीच;
शहर निजलं की हवा मोकळी होते,
सुई दूर दूर जाते.

त्या रात्री तेलात पापड सोडावा तशी खरखर
आणि तिच्यामागून एक बाई.
अरबी असावं. मला शब्द कळेना.
निवेदकानं नाव घेतलं तेव्हा नेमकी लाट आली:
वहीबा की हबीबा,
आजवर ठरलं नाही.

सुगंधा वासनिक रेडिओ न्यायला आली होती,
कव्वालीचा कार्यक्रम आटोपून,
पेटीवाल्या भावाला बाहेर रिक्षात बसवून.
म्हणाली, बंद नको करू.
उभीच राहिली. मग उलट्या खोक्यावर बसली.
एकच ओळ, दादा. अर्धा घंटा झाला,
बाई एकच ओळ म्हणून राहिली,
अन् दरवेळी दुसऱ्याच दारातून आत येऊन राहिली.
मग हळूच:
थे मागचे माणसं ऐक.
आह म्हणून राहिले सारे.
कोणाची पोरगी, इचारून नाही राहिले.

कामठीच्या अत्तरवाल्या गफूरमियांना विचारलं.
ते लढाईत बसऱ्याला होते, पलटणीच्या स्वयंपाकात.
त्यांनी सांगितलं त्यातलं निम्मं ऐकीव,
निम्मं त्यांच्या हातचं:
नावाड्याची मुलगी. मेंदीच्या रात्री
बायकांच्या खोलीत गायची,
पडद्याबाहेर पुरुषांच्या कॉफ्या थंड व्हायच्या.
पहिल्या तबकडीवर नाव नव्हतं,
छापलं होतं, एक घरंदाज मुलगी.
दुसरीच्या वेळी ती कंपनीच्या जिन्यात बसली,
आधी नाव छापा, मग तोंड उघडते.
बाप लाजेनं दोन महिने होडीतच निजला.
पुढे तिच्या गाण्याच्या रात्री
न्यायाधीश नि हमाल एकाच कॉफीखान्यात,
एकाच भोंग्याखाली, मान खाली घालून.
बादशहानं बोलावलं तर म्हणे
तिनं आधी बिदागी विचारली.

सुगंधानं सगळं ऐकलं, विचारलं एवढंच:
जिन्यात किती वेळ बसली होती?
दुपारभर, म्हणाले गफूरमिया.
अंदाजानं.

पौषात कामठी रोडच्या मांडवाचं हँडबिल निघालं.
पार्टीप्रमुख भाऊ, बेंजोवादक, ढोलकवादक,
लाउडस्पीकरवाल्याचंसुद्धा नाव, पत्त्यासकट.
खाली बारीक, 'आणि महिला गायिका'.
सुगंधा मांडवापर्यंत आली,
रिक्षातून उतरली नाही.
आयोजक तीनदा येऊन गेले. चहा पाठवला.
पुढच्या वर्षी नक्की छापू, बाई.
मंग मी पुढच्या सालीच उतरतो.
शेवटी माइकवरून नाव घ्यावं लागलं, दोनदा,
कारण पहिल्यांदा भाऊंनी पुटपुटलं.

त्या रात्री तिनं एक ओळ धरली
नि सोडलीच नाही.
तळ्याच्या पाण्याची ओळ होती.
आधी लोक खोकले, कुणी शिट्टी मारली,
ढोलकवाला तिच्या तोंडाकडे पाहत सम शोधत राहिला.
सातव्या की आठव्या खेपेला
मागच्या तट्ट्यावरची एक विडीवाली
'अव माय' म्हणाली,
मोठ्यानं नाही.
मी वायर धरून खांबाशी उभा होतो. ओळखलं.

नाव छापून आलं उन्हाळ्यात: 'सुंगधा'.
टिंब भलत्याच अक्षरावर.
राहू दे, म्हणाली, टिंब तर माहाच आहे.
मग तिची बिदागी वाढली,
बल्लारशापासून अकोल्यापर्यंत बोलावणी आली,
भाऊ तिच्या पेटीमागे बसू लागले.

माझ्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
ते हँडबिल मात्र आहे.
मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात:
वासनिकबाई, एक व्हॉल्व्ह,
साडेतीन रुपये,
बाकी.