उभी गाडी, वेग पाच

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे
बू मुतलकची वनेत उघडी पडलीय.
पिकअपला इथे वनेत म्हणतात.
डॅशबोर्ड बाहेर, वायरींचा गुंता सीटवर सांडलेला.
एकोणऐंशीचं मॉडेल. त्याच्या बापानं हिच्यावरून
बकऱ्या नेल्या, गवत आणलं,
आणि एकदा, तो सांगतो, नवरीचं कपाट, आरशासकट.

त्याला हवंय: मैल काढ, किलोमीटर घाल.
तबकड्यांना गाडीचाच रंग दे.
कुठला, विचारलं. बाहेरून तर सगळा उन्हानं खाल्लेला.
त्यानं दाराच्या आतली कड दाखवली,
जिथं चाळीस वर्षांत ऊन पोचलं नव्हतं.
"हा."
आणि आकडे अरबी. हातानं काढलेले.
स्टिकर कुणीही लावतं.

हातानं म्हणजे मी.
कराडला स्टँडमागे मामाकडे शिकलो,
ट्रकच्या पाट्या, नंबरप्लेटा,
आठाचं शेपूट एका श्वासात कसं ओढायचं.
मग रेडियम आलं, कात्रीनं आकडे कापणारी पोरं आली.
मामाचे ब्रश डब्यात उभे होते, तसेच ताठ झाले.

दिवसा घाम तबकडीवर टपकतो
आणि धूळ ओल्या रंगाला दाढी आणते.
म्हणून इशानंतर बसतो, भिंग लावून.
मागे गुलरेज सीट शिवतोय.
त्याचं मशीन थांबलं की माझा हात चालतो.

पहिली तबकडी पहाटे तीनला झाली.
शून्यापासून एकशे साठपर्यंत, वीस-वीसनं.
शून्यं अशी गोल, की मामा काही बोलला नसता.
तो काही बोलला नाही म्हणजे काम चांगलं.

सकाळी बू मुतलकनं चष्मा लावला, काढला, पुसला,
आणि हसत सुटला. गुलरेजला हाक मारली,
चहावाल्यालाही.
"बघा रे, माझी गाडी उभी आहे
आणि पाचनं पळतेय!"

इथे गोल म्हणजे पाच.
शून्य म्हणजे नुसतं टिंब.
मला माहीत नव्हतं असं नाही. बारा वर्षं
याच आकड्यांत पगार मोजला, बस पकडली.
पण पहाटे तीनला हात कराडचा झाला.

दुसरी तबकडी केली.
टिंबाला काय लागतं? टेकवायचं, उचलायचं.
तरी ब्रश पुन्हा पुन्हा फिरायला बघे.

पेट्रोलच्या काट्याचा वेगळाच तमाशा.
टाकीतला फ्लोट नवा, वरचा मीटर जुना,
टाकी भरली की काटा झोपायचा, संपली की उठायचा.
एक अख्खी दुपार ओहम मोजण्यात गेली.
तळाच्या रेघेपाशी त्याला शब्द हवा होता: खाली.
म्हणजे रिकामं.
म्हटलं, आमच्याकडे खाली म्हणजे खाली,
काटा पडतो तिकडे.
तो म्हणाला, मग भांडण कसलं.

तापमानाचा काटा मात्र त्यानं हलवू दिला नाही.
मधल्या रेघेच्या जरा अलीकडे अडकलेला,
बापाच्या काळापासून.
आणि इंजिन तापलं तर?
"वास येतो," तो म्हणाला.
नव्या तबकडीवर तो काटा
मी जुन्या जागीच चिकटवला, मोजपट्टी लावून.

वनेत गेली. रात्री तिचे चार दिवे
पुलावरून जाताना दिसले असतील कुणाला.

चुकलेली तबकडी माझ्या खोलीत आहे,
फरवानियात, खाटेच्या वर, खिळ्याला.
शुक्रवारी फोनवर रुकय्यानं बघितली.
यंदाच तिला आकडे यायला लागलेत.
हे दोन आहे का? असले कसले चार?
तिला त्यातला एकही धड लागत नाही.
"शून्य मात्र सगळी येतात, अब्बा."
बोट स्क्रीनला लावून मोजत गेली.
दहा, म्हणाली.

फोन ठेवल्यावर खाटेवर उभा राहून
मीही मोजली.
दहाच आहेत.