फक्की

फक्कीचं पोतं अर्धंच उरलंय.
त्यात मैदान आखायचं, पंधरा ऑगस्टही भागवायचा.
डाखोरे सर म्हणतात, मामा, यंदा रेघ पातळ ओढा,
पण सरळ ओढा.

सव्वीस वर्षं मी या शाळेत घंटा देतोय.
पूर्णेचं हे मैदान मला पायानं ठाऊक आहे.
उन्हाळ्यात भेगा अशा, की चेंडू बसून राहतो,
श्रावणात काळी माती बूट धरते ते सोडतच नाही
(ज्यांना बूट आहेत त्यांचे).
रुळाच्या अंगाला बाभळी.
चेंडू तिकडं गेला की पोरं खेळ थांबवून
आधी त्यातला काटा शोधतात.

मागच्या साली पाच सामने.
खाल्ले एकोणतीस.
मारला एक.
तोही ताडकळसच्या पोरानं, घाईघाईत, स्वतःच्याच जाळीत.
तरी आमची पोरं त्यालाच खांद्यावर घ्यायला धावली.
ते बिचारं रडायलं होतं.

यंदाचं विचाराल तर
उमेर गोलकीपर. सुट्टीत चांगला वीतभर वाढलाय,
पण आवाज फुटल्यापासून ओरडायला लाजतो,
आणि मुका गोलकीपर म्हणजे बिनकडीचं दार.
तथागत खिल्लारे डाव्या पायाचा. पाय सोन्याचा,
पण चेंडू देत नाही कुणाला,
धुऱ्याचं भांडण असल्यासारखा धरून बसतो.
सोनटक्क्यांचे जुळे मागं.
गेल्या साली एकानं पाडलं, कार्ड दुसऱ्यानं खाल्लं,
घरी जाऊन दोघांनी मार खाल्ला.
अकरावा अजून सापडला नाही.
सर आठवीला रोज मैदानाला चकरा मारायला लावतात
आणि सगळ्यात शेवटी कोण दमतो ते बघत उभे राहतात.

आणि विश्वास राठोड, तांड्यावरचा.
तो पळाला की मी घंटा द्यायची विसरतो.
पण त्याला दसऱ्यापर्यंतच धरा.
घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलीय,
मग कोयता, बैलगाडी, कारखाना,
आणि हजेरीत त्याच्या नावापुढं
मार्चपर्यंत गैरहजेरीची लाल शाई.
तालुका ऑगस्टात. जिल्हा सप्टेंबरात.
विभागाची तारीख सरांनी फळ्यावर लिहिलीच नाही.
विचारलं तर म्हणाले, मामा, आधी तालुका तर निघू द्या.
आजवर हरत आलो,
म्हणून ही तारीख कुणाला लागलीच नव्हती.

परवा माझ्या हातून एक पाप झालं.
चुडाव्याची पोरं सरावाला येणार होती.
बांबू रोवताना आमच्या बाजूचे दोन्ही खांब
मी चार-चार बोटं आत घेतले.
उमेरला तेवढाच आधार.
पहिला डाव झकास गेला. एक चेंडू खांबाला लागून बाहेर,
मी पाण्याच्या टाकीमागं उभा राहून
देवाचं नाव घेतलं.
मग शिट्टी झाली. पोरांनी बाजू बदलल्या.

सव्वीस वर्षं बघतोय,
तरी बाजू बदलतात हे त्या दिवशी डोक्यातून गेलं होतं.

विश्वास मधून निघाला, तीन पोरं मागं टाकली,
मारला.
ठक्क.
चेंडू खांबाला लागून माघारी आला,
बरोबर चार बोटांनी.

सामना बिनगोल सुटला.
हरलो नाही म्हणून पोरं नाचली.
विश्वास मात्र खांबाशी जाऊन पावलं टाकायला लागला,
या खांबापासून त्या खांबापर्यंत,
मग पलीकडं जाऊन परत.
माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही.
त्याच्या टाचेला माझी फक्की लागली होती.

रात्री बॅटरी घेऊन गेलो, खांब उपटले,
जुन्या खड्ड्यांत रोवले, दगड ठोकले.
सरांना सांगितलेलं नाही.

आज सकाळी रेघ ओढली, पातळ, जमेल तेवढी सरळ.
येताना क्रीडा खोलीच्या फळ्यावर
जिल्ह्याच्या खाली, बारीक खडूनं,
विभाग, असं लिहिलं, आणि पुढं तारीख.
कॅलेंडर शेजारीच लटकलं होतं.
दसरा कधी ते मी बघितलं नाही.