रेघ कुठे तुटली

डंडीत, एका लहान संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर,
जिन्यालगत, वहीच्या पानाएवढं चित्र.
पाटीवर एवढंच : 'वाजवणारे. शाई, कागद. १९५१.'
किती जण, ते नाही.

मी तीन मोजले. एकाला डोकंच नाही,
त्या जागी चेलोची मान वळून बसलेली.
दुसरीचा गुडघा तोच तिसऱ्याचा गाल,
गज म्हणावा तर ती टेबलाची कडही.
उजवीकडे, अगदी काठाला, एक गोल. स्वर असावा.

कानाडोळा करून पुढे जाणार होते
(काय शब्द आहे! कान आहे, डोळा आहे,
आणि अर्थ, दोन्ही नसल्यासारखा)
तेवढ्यात यमूआत्या आठवली.

साताऱ्याला दफ्तरात मोडी वाचायची ती.
पानभर आधी आडवी रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं,
शब्दाशब्दांत फट नाही, बोरू उचलायचा नाही.
म्हणायची, अर्थाच्या मागे धावू नकोस गं,
बोरू दौतीत कुठे बुडवला ते शोध आधी.
तिथे माणसाने दम खाल्लाय.

मग काचेला नाक लागेस्तोवर वाकले.
इथे शाई दाट, इथे विरत गेलेली, इथे परत दाट.
वेलांटी, उकार, काना, मात्रा,
आणि मात्रा म्हटल्याबरोबर
पाय आपसूक फरशीवर पडू लागला.
चेलोवाल्याच्या कोपराशी सापडली :
तांदळाच्या कणीएवढी कोरी जागा.
अख्ख्या चित्रात रेघ तेवढी एकदाच तुटलेली.

"सम!" मी मोठ्यांदा. मराठीत.

खुर्चीवरून आइल्सा पेट्री उठून आली.
तिला मी शांततेबद्दल बरंच ऐकवलं, जरा जास्तच.
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,
चित्रकार बाईंची भाची येऊन गेली मागे.
तिथे मीटर संपला म्हणे.
शिलिंग टाकून चालायचा. खोलीत गुडुप्प अंधार,
आणि एकाच्याही खिशात सुटं नाणं नाही.

"मग वाजवणारे थांबले?"

"का थांबतील? पाठ होतं त्यांना.
दहा मिनिटं लागली, कुणीतरी खालून नाणं आणेपर्यंत."

मी परत वाकले. कणीच्या पलीकडे
कोपर बोटभर वर सरकलंय.
आणि काठावरचा तो गोल
चिमटीत आहे. चिमटीमागे मनगट,
मनगटामागे दाराची चौकट, अर्धा खांदा.

चौथा.

आत्या असती तर चष्मा पुसत म्हणाली असती,
नाणं उसनं होतं की दिलेलं,
ते काही इथे लागत नाही.