सेव्ह केलेलं नाव

मोटरचा पाइप ओढता ओढता
शालिकचा फोन विहिरीत गेला.
सारे नंबर बुडाले.

मंग घरोघरी फिरला मागाले.
ज्याच्या त्याच्या फोनावर
आधी आपलाच आकडा दाबून पाह्ये.

किराण्यात निंघाला : शालिक उधारी.
भजनी मंडळात : खंजेरी.
हिंगणघाटच्या साळ्याकडं : जिजाजी, हसरा चेहरा.
बायकोच्या फोनात : आयुषचे बाबा.
(लग्नाले चौदा वर्सं झाली,
आयुष तर अकराचा.
आधी काय होतं, त्यानं इचारलं नाही.)

मालगुजाराच्या पोराकडं
नाव बरोबर होतं,
आडनावाच्या जागी वस्ती होती.
शालिकनं फोन परत देल्ला,
चहा नाही घेतला.

वेणाबाईले वाचता येत नाही.
तिच्या नातवानं नावाच्या जागी
पान्ह्याचं चित्र टाकलं होतं.
तिनं बोट ठेवलं,
"हा काय तू!"
दोघंही हासले.

बाजाराच्या दिवशी नवा फोन घेतला.
दुकानातलं पोरगं म्हने,
"काका, तुमचा सोताचा नंबर
कोन्त्या नावानं टाकू?"

शालिक खिशातला पान्हा चाचपत
बराच वेळ उभा.
मांगं गिऱ्हाइकं खोळंबली होती.