एक रुपयाची कपात

इंदूताई झाडे अधिवेशनातून थेट आल्या,
उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या. दाराला कुलूप होतं.
म्हणाल्या, कपात सूचना मांडली मी:
आठपदरी रस्त्याच्या मागणीतून
एक रुपया कमी करा.

झनकाबाई सिडामनं डोळे बारीक केले.
एकच?
एकच. रीत आहे तशी.
रुपया कापायचा म्हटलं की बोलायला मिळतं.
नर्स नाही, सापाचं इंजेक्शन नाही,
मांडव्याची पोर बैलगाडीत बाळंत झाली,
सगळं त्या रुपयात बसवलं, चार मिनिटांत.
घंटी वाजली.

मंग?
मग 'होय' म्हणणारे आम्ही अकरा.
'नाही'चा आवाज मोठा.

मोहाखाली शेळी खाकरत होती.
कुलपावर कुणीतरी मागच्या साली बांधलेली
पोलिओची चिंधी.

तेवढ्यात ती पोर, तीच,
कडेवरचं लेकरू सावरत पुढं आली.
माहं नाव घेतलं का जी तिथं?

ताईंनी पिशवीतून छापील कार्यवृत्त काढलं,
पानं उलटत राहिल्या.
'एक महिला', असं होतं.

तिनं पेन मागितला.
सहीपुरतंच येतं तिला लिहायला.
ओळीत मावलं नाही, समासात गेलं,
वेलांटी कागद फाडून खाली उतरली:
फुलवंती देवराव कोवे.

आता मांडा, म्हणाली.