बुडबुडे

इनिसफेलपासून व्हॅनचं सरकतं दार
फक्त आतून उघडतंय.
एकाने नेहमी आत राहायचं,
हा नियम आमचा नाही, गंजाचा.

उसाच्या मळ्यांतून बुटकी आगगाडी जाते,
ग्वेन, तू हात हलवतेस, तो भोंगा देतो.
रस्त्याकडेच्या फळीवर पपया, शेजारी नाण्यांचा डबा,
विकणारं कुणीच नाही.
किनाऱ्यावर खांबाला जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर,
त्याखाली मगरीचं चित्र. त्याचाही तू फोटो काढलास.

बेटाजवळ थेल्माची बोट उभी.
मी मागून कयाक वल्हवत पोचलो, घामेजलेला.
तिने माझा कान पाहिला, मान हलवली:
फाटका पडदा घेऊन खाली नाही जाता येत, काका.

तू पाठीवर कललीस आणि गेलीस.
एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
तू कुठे आहेस ते
पाण्याला विचारावं लागलं.

बुडबुडे येतात.
थांबतात.
वल्हं मांडीवर आडवं, मी मोजतो,
सात, आठ, नऊ
मग येतात, जरा डावीकडे.
मीही जरा डावीकडे.
थेल्मा हसते, सँडविच खाते.

रात्री तू कासवाचं सांगतेस
नेमकी बहिऱ्या कानाशी.
अर्धंमुर्धं पोचतं. कासव म्हातारं होतं म्हणे,
की मोठं होतं? पुन्हा विचारत नाही.

पहाटे तुला बाहेर जायचं असतं.
मी उठून दार सरकवतो,
डास आत येतात, येऊ देत,
तुझा टॉर्च केवड्याच्या झाडांमागून परतेपर्यंत
दार हाताने धरून ठेवतो.