पाटीवर काय लिहायचं

ग्रीसेल्दाबाई, नाव लिहा: एलेउतेरिओ बार्रिया.
वय नका लिहू, टेकडीला ते ठाऊक आहे.
नगरपालिकेला माझी ओळख हवी, म्हणता,
चार ओळींत, फाटकाजवळच्या पाटीवर, पर्यटकांसाठी.
बसा. स्टूल डुगडुगतं,
भिंतीला टेकवून घ्या.

वाल्पाराइसोत अशा टेकड्या पुष्कळ.
आमच्या टेकडीला दोन डबे,
एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो,
एकाच तारेची दोन टोकं.
एकेचाळीस वर्षं वरच्या खोलीत, चाकापाशी बसून
मी एवढंच पाहिलं:
कोणी एकटं वर येत नाही.
मासळीच्या टोपल्या घेऊन इर्मा वर आली
ती खाली निघालेल्या शाळकरी पोरांच्या वजनावर.
तिने त्यांना पाहिलं असेल मध्यावर, निमिषभर,
खिडकीतून जीभ दाखवताना.

मला माणसं चेहऱ्यावरून कमी,
तारेवरून जास्त कळतात.
तार गुणगुणते, त्यावरून सांगतो
आज डब्यात पिठाची पोती आहेत,
की पगार झालेला खलाशी.
एकदा पियानो चढवला. तो वाटेत आपणहून वाजला.
एकदा शवपेटी;
तिचं तिकीट फाडायला हात होईना.
कुत्री फुकट.
हा नियम कुठेच लिहिलेला नाही,
तुम्ही लिहिलात तर बरं होईल.

आता हे पाटीवर घेऊ नका, पण ऐका.
जुलैची रात्र. समुद्रावरून धुकं इतकं चढलेलं
की खालचा दिवासुद्धा दिसेना.
नऊला फाटक बंद. मी वक्तशीर माणूस,
तेव्हा त्याचा तोरा होता मला.
नऊ वाजून एक मिनिटाने खालून घंटा वाजली.
थांबली.
मग पुन्हा, लांबलचक.
मी कुलूप लावलं, कोट चढवला.

ओतिलिया नावार्ते
तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून
एकशे बासष्ट पायऱ्या चढली,
हे मला सकाळी पाववाल्याकडे कळलं.
पोर वाचलं. त्यात माझं काही नाही.
ती मला एक शब्द बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी नाणी मोजून दिली,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
तळहातावर अजून गार लागतात ती.
तेव्हापासून घरी जाताना
मी घड्याळाला विचारत नाही,
घंटेला विचारतो.

माझी तत्त्वं म्हणाल तर ही एवढीच,
आणि तीही उशिरा आलेली.

हो, भूकंपाचं राहिलंच.
वीज गेली, चाक अडलं,
डबे नेमके मध्यावर, शेजारीशेजारी लटकलेले.
मी कंदील घेऊन कठड्यावरून वाकलो
तर दोन्हींच्या खिडक्यांतून हात बाहेर,
या डब्यातल्यांनी त्या डब्यातल्यांना घट्ट धरलेलं.
बाई, मी यंत्रावरचा माणूस.
तार तुटली असती तर दोन्ही डबे गेले असते,
हातांनी काय अडणार होतं?
त्यांनाही हे कळत असणार.
तरी पहाटेपर्यंत एकानेही हात सोडला नाही.
फक्त एका म्हाताऱ्याने थोडा वेळ सोडला,
पलीकडच्या बाईने दिलेलं संत्रं सोलायला,
आणि अर्धं तिला परत केलं.

त्या रात्री मी वर एकटाच होतो.
माझ्या हातात कंदील होता, दुसरं काही नव्हतं.
फार वाटलं,
आपणही खाली, त्या डब्यात असायला हवं होतं.
हे लिहा.
नाही, नको, लोक हसतील.
बरं, लिहा.

थांबा. घंटा झाली.
दोन तुटक ठोके म्हणजे रोसाल्बा,
गुडघे गेलेत तिचे, आणि आज बाजाराचा दिवस.
तुमचं झालं ना?
वही मिटा, डब्यात बसा,
दार जरा जोरात ओढून घ्या.
तुम्ही उतरलात
की ती वर येईल.